सोफ्याचे विश्वस्त

"बाबा, तुम्ही गेल्यावर मला काय मिळणार?"

बाबांचा घास ताट आणि तोंड यांच्या बरोबर मधोमध थांबला. आईच्या हातातला डाव भांड्यावर टणकन आपटला. दादानं मात्र मोबाइलमधून मान वर न काढता "आणि मला?" एवढं जोडून घेतलं. फुकट मिळणाऱ्या कुठल्याही गोष्टीच्या रांगेत दादा नेहमी दुसरा असतो. पहिला नंबर लावायला उठावं लागतं.

प्रश्न विचारणारीचा यात तसा काही दोष नव्हता. शाळेत मागच्या बाकावरच्या तिघी मैत्रिणींनी पैज लावली होती. "तुझे बाबा रोज श्रीमंतांच्या पोरांना हेच सांगतात ना, कुणाला काय मिळणार? मग तू घरी विचारून दाखव. आहे हिंमत?"

हिंमत! हा शब्द तिच्यापुढे काढायचा म्हणजे वाळल्या गवतापुढे काडी ओढायची. गेल्या वर्षापर्यंत या मुलीला सगळं जग 'घुमी' म्हणत होतं. हजेरीला 'हजर' म्हणताना तिचा आवाज बाकाखाली पडायचा, आणि शेजारची मुलगी तो उचलून शिक्षिकेपर्यंत पोचवायची. मग वादविवाद स्पर्धेच्या ऐन दिवशी संघातली एक मुलगी आजारी पडली, दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून हिला स्टेजवर ढकललं, आणि हिनं माइक हातात घेतला तो परत द्यायलाच तयार होईना. परीक्षकांनी घंटा वाजवली, हिनं घंटेलाही उत्तर दिलं. त्या दिवसापासून तिचं नाव 'तोफ'. आता तोफेचा संघ अंतिम फेरीत पोचला होता, फेरी पुढच्या सत्रात होती, आणि अख्खी शाळा तिच्याकडे मोठ्या आशेनं (आणि कानात बोटं घालून) बघत होती.

तर बाबा. बाबांचं काम म्हणजे दुसऱ्यांच्या मरणानंतरची सोय. जाड गालिचे आणि पातळ चहा असलेल्या एका कंपनीत ते श्रीमंत कुटुंबांना सल्ला द्यायचे: पैसा कुठे गुंतवा, कारखाना कुणाच्या नावे करा, बंगल्याचा ट्रस्ट कसा करा, आणि जी भांडणं तुमच्यामागे होणार आहेत ती तुमच्यादेखतच कशी उरकून घ्या. स्वतः बाबांची मालमत्ता म्हणाल तर हप्त्यांवरचा फ्लॅट, धक्का दिल्यावर चालू होणारी स्कूटर आणि पावसाची आगाऊ बातमी देणारा उजवा गुडघा. पण सवय ती सवय. जोखीम वाटून ठेवावी म्हणून घराच्या किल्ल्या ते तीन वेगवेगळ्या खिशांत ठेवत आणि दारात उभं राहून तिन्ही खिसे दोनदा तपासत.

"प्रश्न रास्त आहे," बाबा शेवटी म्हणाले. ऑफिसातही ते प्रत्येक प्रश्नाला हेच म्हणतात. त्यानं ग्राहक सुखावतो आणि उत्तर शोधायला वेळ मिळतो.

"रास्त काय रास्त!" आई म्हणाली. "जेवणाच्या ताटावर बापाचं मरण काढते कार्टी, आणि हे म्हणे रास्त!"

"अगं, विचारतेय ते बरंय. न विचारणारे वारस जास्त धोक्याचे." बाबांच्या चेहऱ्यावर सल्लागारी तेज चढलं. त्यांनी हात धुतले, बॅगेतून गोल गोल स्टिकरांचे ताव काढले आणि ती पद्धत समजावली जी ते गेली कित्येक वर्षं लोकांना समजावतायत आणि लोक जिला हसतायत. "शेअर, ठेवी यांवरून माणसं फार भांडत नाहीत. आकड्याला आकड्यानं भागता येतं. खरी भांडणं होतात ती आरामखुर्चीवरून. म्हणून प्रत्येक वारसाला एक रंग द्यायचा. ज्याला जे हवं त्यावर त्यानं आपलं स्टिकर लावायचं. एकच रंग असेल तर प्रश्न मिटला. दोन रंग पडले, तर आईबाप जिवंत असेपर्यंतच समोरासमोर बसून बोलायचं. झालं!"

"मोठ्या बाईंना सांगितलंत का हे?" आईनं विचारलं.

बाबांचं तेज एका फुंकरीत विझलं. मोठ्या बाई म्हणजे बाबांच्या सगळ्या ग्राहकांतलं सगळ्यात श्रीमंत प्रकरण. कारखाने, जमिनी, आणि एकमेकांचं तोंड न बघणारी तीन मुलं. स्टिकरांबद्दल ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "मी काय सेल लागलेलं दुकान आहे?" ट्रस्ट करायला त्या तयार होत्या, पण ट्रस्टला विश्वस्त लागतो. विश्वस्त म्हणजे ज्याच्या हवाली आपली मालमत्ता करून निर्धास्त मरता येईल असा तिसरा माणूस. बाबांनी बँक सुचवली, वकील सुचवले, निवृत्त न्यायाधीश सुचवले. बाईंनी सगळ्यांना चहा पाजला आणि परत पाठवलं.

"शनिवारी संध्याकाळी घरी येणार आहेत," बाबा म्हणाले. "म्हणाल्या, माझं घर ज्याच्या सल्ल्यानं वाटायचं, त्याचं घर बघितल्याशिवाय सही करणार नाही. आणि महिनाअखेरपर्यंत सही झाली नाही तर..."

"तर काय?" तोफेनं विचारलं.

"तर इथली शाखा लहान करतील. मला दूरच्या शहरात पाठवतील. म्हणजे आपल्याला."

तोफ गप्प झाली. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, पण ही मोठी ऐतिहासिक घटना होती. दूरचं शहर म्हणजे नवी शाळा. नव्या शाळेत तिला तोफ म्हणून कोण ओळखणार? तिथे ती पहिल्या दिवशी कोपऱ्यातल्या बाकावर बसणार, तिचा 'हजर' बाकाखाली पडणार, आणि तो उचलायला शेजारी कुणी नसणार. ते काही नाही. शनिवारी बाईंनी सही केलीच पाहिजे.

आता हीच गोष्ट मनात ठेवून तिनं स्टिकर लावले, हे पुढे कुणी खरं मानलं नाही. पण तिचा विचार साधा होता: सल्लागाराच्या घरी सल्ल्याचा नमुना दिसला तर बाईंचा विश्वास बसेल. तिनं पिवळा रंग घेतला, दादाला निळा दिला आणि त्याच रात्रीपासून वाटणी सुरू झाली. फ्रिजवर पिवळा, लगेच निळा. सोफ्यावर दोन्ही. टीव्हीवर दादानं निळा लावला आणि पुरावा म्हणून समोर बसून राहिला. आपल्या पलंगावर त्यानं चारी पायांना एकेक लावला. मिक्सरवर पिवळा दिसताच आई उसळली, "माझ्या डोळ्यांदेखत माझ्या मिक्सरवर टपून बसलात होय!" आणि तिनं तावातावानं लाल स्टिकर लावून त्यावर पेनानं 'हयात आहे' असं लिहिलं. बाबांच्या व्यायामाच्या सायकलकडे तेवढं कुणी फिरकलं नाही. तिच्यावर कपडे वाळत होते.

बाबा कमरेवर हात ठेवून सगळं बघत होते. जगात कुणीतरी एकदाचं त्यांचं ऐकलं होतं!

शनिवार उजाडला. बाबा ऑफिसला गेले. आई फिजिओथेरपीच्या दवाखान्यात काम करते, म्हणजे पगार घेऊन लोकांचे खांदे पिरगाळते. निघताना तिनं हॉलकडे बघून कपाळावर हात मारला. "मोठ्या घरची बाई येणार आणि इथे पाय ठेवायला जागा नाही. यातलं निम्मं सामान कुणी उचलून नेलं तर उपकार होतील बाई!" आणि ती गेली.

हे वाक्य कृपया नीट लक्षात घ्यावं. तोफेनं घेतलं होतं.

थोड्या वेळानं समोरच्या काकू वाटीभर साखर मागायला आल्या. समोरच्या काकू मनानं सोन्यासारख्या, पण बातमी त्यांच्या पोटात ठरत नाही. त्यांनी हॉलभर नजर फिरवली आणि साखर विसरल्या.

"अगं, हे काय चिकटवलंय सगळ्याला?"

तोफ आरशासमोर भाषणाचा सराव करत होती. त्याच तारस्वरात ती म्हणाली, "काय काय कुणाकडे जाणार, त्याच्या खुणा आहेत काकू! आज संध्याकाळी बाई येणारेत. सही झाली तर वाचलो, नाही झाली तर आम्हाला हे शहर सोडावं लागणार!"

प्रत्येक शब्द खरा होता. काकूंनी वाटी तिथेच ठेवली आणि त्या जिना उतरून गेल्या त्या थेट बेलीफकाकांकडे.

खालच्या मजल्यावरच्या बेलीफकाकांची सगळी नोकरी कोर्टात गेली. समन्स बजावणं आणि जप्त्या करणं, हेच काम. त्यांच्या हातून समन्स चुकवून एकही माणूस कधी सुटला नाही, असं ते स्वतःच सांगायचे, आणि ऐकणारा माणूससुद्धा सुटायचा नाही. ते पाठीमागे हात बांधून हॉलमधून फिरले, वाकून सोफा बघितला, फ्रिजला डोळे लावले.

"निळं म्हणजे पहिली खेप," ते हळूच काकूंना म्हणाले. "पिवळं म्हणजे दुसरी. आणि दोन्ही असेल तर..." त्यांनी डोळे मिटले. "आमच्या वेळी लाखेची मोहर असायची. काय तिचा रुबाब! माणूस नुसता बघून रडायचा. आता स्टिकरं आली. कशात दम म्हणून राहिला नाही."

मिक्सरवरचं 'हयात आहे' वाचून मात्र त्यांनाही गलबलून आलं. "वहिनींचा धीर बघा," ते म्हणाले.

मग घसा साफ करून तोफेला म्हणाले, "बाळ, हे सामान आजचा दिवस आमच्याकडे राहू दे. बाई येऊन गेल्या की आणून देऊ."

तोफेला एकदम उलगडा झाला. "आईनं सांगितलं का तुम्हाला?"

काकूंनी पदर डोळ्यांना लावला. "आईनं तोंडानं सांगायला कशाला हवं गं? शेजारी असतात कशासाठी?"

शेजारी असावेत तर असे! तोफेनं बाह्या सरसावल्या आणि स्वतः टीव्हीचं एक टोक धरलं.

बघता बघता अख्खी इमारत जमली. कुणी काही विचारेना, सगळे पायांत मोजे घातल्यासारखे चालत होते. फ्रिज समोर गेला, कपाट वर गेलं, जेवणाचं टेबल खाली गेलं. दादा झोपला होता. त्याच्या पलंगावर स्टिकर सगळ्यात जास्त, म्हणून पलंग सगळ्यात आधी हलवणं भाग होतं. दादा अर्धवट उठला, गादी काखेत मारली, पलंग जिथे गेला तिथे मागोमाग गेला आणि पुन्हा झोपला. आपण कुठे आहोत, असा क्षुद्र प्रश्न त्यानं कुणालाही विचारला नाही.

सोफा दोन घरांच्या दारांमधल्या चिंचोळ्या जागेत अडकला आणि नेमके तेव्हाच सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यावर अवतरले. सेक्रेटरींना माणसांपेक्षा नियम जास्त ओळखतात.

"सामान हलवायला ना-हरकत पत्र लागतं."

"बाहेर कुठे चाललंय?" बेलीफकाका म्हणाले. "या दारातून निघून त्या दारात जातंय."

"नियमात 'हलवणे' एवढंच आहे. दिशा दिलेली नाही. अर्ज करा, कमिटीपुढे ठेवतो."

"कमिटी कधी बसते?"

"गणसंख्या झाली की."

"कधी होते?"

"आजवर झालेली नाही."

काकूंनी सेक्रेटरींना बाजूला घेतलं आणि त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं. सेक्रेटरींचा चेहरा बदलला. गेली कित्येक वर्षं कुणी पाहिला नव्हता असा एक भाव त्यावर उमटला. "मी हे बघितलेलं नाही," ते म्हणाले आणि शब्दाला जागून, डोळे घट्ट मिटून, त्यांनी सोफ्याचा एक कोपरा धरला. त्यामुळे सोफा तीनदा भिंतीवर आणि एकदा बेलीफकाकांवर आदळला. पण गेला.

हॉल मोकळा झाला. मधोमध उरली ती बाबांची सायकल. तोफेनं भाषणाचं पहिलं वाक्य म्हटलं, आणि काय सांगावं, चारी भिंतींनी तिला साथ दिली! असा घुमारा तिला आयुष्यात मिळाला नव्हता. आई किती खूश होईल, या विचारानं तिनं केरही काढला.

आईबाबा एकदमच आले. बाबांच्या हातात फुलं होती, आईच्या हातात केक. बाबांनी तिन्ही खिसे तपासून दार उघडलं आणि दोघं उंबऱ्यातच थिजले.

"चोरी!" आई किंचाळली.

"चोरी काय गं? तूच म्हणालीस ना, निम्मं सामान कुणी नेलं तर उपकार होतील? नेलं की!"

"मी निम्मं म्हणाले होते!"

तोफ समजावू लागली. शेजारी आले, स्टिकर बघून हळहळले, आणि बाई येऊन जाईपर्यंत सगळं आपापल्या घरी घेऊन गेले. बोलता बोलता तिचं तिलाच काहीतरी टोचलं. हळहळले? स्टिकर बघून हळहळायचं काय होतं? बेलीफकाका लाखेच्या मोहरेबद्दल का बोलत होते?

बाबा मटकन सायकलवर बसले. बसायला दुसरं काही नव्हतंच. "अगं पोरी, त्यांना जप्ती वाटली!" ते म्हणाले, आणि अभावितपणे पायडल मारू लागले. "लोकांना पैशाचा सल्ला देणाऱ्याच्या घरावर जप्ती! ही बातमी बाईंच्या कानावर गेली, की आवरा गाशा आणि चला दूरच्या शहरात." जसजसे बोलत गेले तसतसा पायडलचा वेग वाढत गेला.

तेवढ्यात फोन वाजला. मोठ्या बाई खाली पोचल्या होत्या.

वाट बघितली. आणखी वाट बघितली. एक मजला चढायला माणसाला किती वेळ लागतो? शेवटी बाबा केस सारखे करत बसले आणि तोफ बघायला निघाली. जिन्यात तिला आवाज ऐकू आले, आणि ती वरच्या पायरीवरच थांबली.

आता मोठ्या बाई श्रीमंत होत्या, पण दिसायच्या नाहीत. खूप श्रीमंत माणसांना ते परवडतं. पायांत झिजलेल्या चपला, खांद्याला कापडी पिशवी, काखेत फाइल, आणि मागे पांढऱ्या कपड्यातला गंभीर ड्रायव्हर. बेलीफकाकांनी आयुष्यभर आरशात जे रूप बघितलं होतं, तेच समोर उभं होतं.

"कोण पाहिजे?" काकांनी जिना अडवून विचारलं.

"सल्लागार साहेब इथेच राहतात ना?"

"असं कुणी राहत नाही."

"खाली पाटी आहे त्यांच्या नावाची."

"जुनी आहे. ते सोडून गेले."

"कधी?"

"झाली की वर्षं."

"काल माझ्याशी फोनवर बोलले ते."

"फोन काय, कुठूनही करता येतो," काका शांतपणे म्हणाले. डोळ्यांत डोळे घालून, पापणी न हलवता.

"तुम्ही कोण?"

"मी इथला कुणी नाही."

सेक्रेटरी मागून म्हणाले, "आणि मी हे ऐकलेलं नाही."

बाईंनी ड्रायव्हरकडे बघितलं, ड्रायव्हरनं छताकडे. तेवढ्यात काकू वरून धावत आल्या. जप्तीवाली असली म्हणून काय झालं, दारात आलेल्या बाईमाणसाला पाण्याशिवाय परत पाठवायचं? "लांबून आलात. चला, आमच्याकडे दोन घोट पाणी घ्या आणि मग जा," असं म्हणत त्यांनी बाईंचा हात धरून त्यांना वर आपल्या घरात नेलं. चांगुलपणाच्या भरात आपल्या घरात काय काय आहे, हे काकू विसरल्या होत्या.

तोफ दाराशी पोचली तेव्हा बाई सोफ्यावर बसल्या होत्या. काकूंच्या हॉलमध्ये आता दोन सोफे होते, दोन टीव्ही, दोन फ्रिज, आणि कोपऱ्यातल्या पलंगावर घोरणारा एक इसम.

"दोन फ्रिज?" बाईंनी ग्लास हातात घेत विचारलं.

"आमच्याकडे पाणी फार पितात," काकू म्हणाल्या.

"आणि हे?" बाईंचं बोट सोफ्याच्या हातावरच्या पिवळ्या स्टिकरवर होतं. शेजारी निळा.

काकूंनी तोंड उघडलं, पण आता त्यांच्याजवळचं खोटं संपलं होतं. बेलीफकाका दारात दात ओठ खात उभे. सगळ्यांच्या नजरा तोफेवर वळल्या, आणि तोफेच्या घशातून हवा सोडून काही निघेना. घुमी परत आली होती. गुपचूप घरी जावं, दार लावावं, असं पायांना वाटत होतं. पण पाय दूरच्या शहराकडे जातायत, हेही तिला दिसत होतं.

"बाई," ती म्हणाली. आवाज जमिनीवर पडला. तिनं तो स्वतःच उचलला. "बाई! हा सोफा आमचा आहे. तो फ्रिज आमचा. टीव्ही आमचा. आणि तो झोपलाय ना, तोही आमचाच."

मग तोफ सुटली ती सुटलीच. पैज, स्टिकर, निम्मं सामान, जप्ती, सगळं सांगितलं. "बाबांवर काही जप्तीबिप्ती नाही. त्यांनी तुम्हाला जे सांगितलं तेच आम्ही घरी करून बघितलं. तुम्ही त्यांना हसलात, पण आम्ही दोन रंग पडले म्हणून बोलत तरी बसलो. फ्रिज कुणाचा, यावर मी आणि दादा गेल्या वर्षभरात बोललो नसू इतकं परवा बोललो!"

बाबा केव्हाच दारात येऊन उभे राहिले होते, सायकलीच्या घामासकट. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्या बेलीफकाकांकडे वळल्या.

"म्हणजे तुम्ही मला बेलीफ समजलात?"

"वरिष्ठ बेलीफ," काका अदबीनं म्हणाले.

बाईंनी ग्लास खाली ठेवला. हसतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्या सोफ्याच्या हातावरून हात फिरवत राहिल्या. "माझ्याकडे सोफे किती आहेत ते मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "उद्या माझ्यावर खरंच अशी वेळ आली, तर त्यातला एक उचलायला कोण येईल?"

"मी आहे ना बाई," ड्रायव्हर म्हणाला.

"तू आहेसच रे. पण तुला मी पगार देते."

दादाचं घोरणं तेवढं ऐकू येत होतं, आणि या प्रसंगी तेही गंभीर वाटलं.

मग बाईंनी फाइल उघडली. "साहेब, मला विश्वस्त मिळाला. हे लिहून घ्या." आणि त्यांनी बेलीफकाकांकडे बोट दाखवलं.

बाबा घाबरले. "बाई, पण ते तर आत्ता तुमच्याशी धडधडीत खोटं बोलले!"

"हो ना! शेजाऱ्याचा फ्रिज वाचवायला बोलले. स्वतःला एक छदाम मिळणार नसताना. प्रामाणिक माणसं तुम्ही मला पुष्कळ आणून दाखवलीत हो. प्रत्येक जण बसायच्या आधी आपली फी सांगत होता."

"आणि तुमची तिन्ही मुलं?" बाबा म्हणाले. "ती एका खोलीत येतच नाहीत."

बेलीफकाकांनी हळूच शर्टाची कॉलर सारखी केली. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच त्यांच्या डोळ्यांत ती जुनी चमक आली. "पत्ते द्या फक्त," ते म्हणाले.

महिनाअखेरच्या आत तिन्ही मुलं एका टेबलाशी बसली. एकाला काकांनी न्हाव्याच्या खुर्चीत गाठलं, अर्ध्या दाढीवर. दुसरा न्हाणीघरात लपला, त्याला दाराबाहेरून सगळं वाचून दाखवलं. तिसरी म्हणजे मुलगी, ती काकांचा लौकिक ऐकून आपण होऊन आली. टेबलावर स्टिकरांचे तीन ताव ठेवले होते. बाईंनी सही केली.

घरचं सामान परत यायला मात्र त्याहून जास्त दिवस लागले. आत येणाऱ्या सामानाचा अर्ज वेगळा असतो, आणि सेक्रेटरींनी आता डोळे उघडले होते. शिवाय काकूंना दुसऱ्या फ्रिजची सवय झाली होती, ती वेगळीच.

आणि मग एका संध्याकाळी बाबा शीळ घालत घरी आले. कंपनी बेहद्द खूश होती! मोठ्या बाईंचं प्रकरण ज्यानं मार्गी लावलं, त्याला लहान शाखेत ठेवायचं म्हणजे काय! बढती, मोठा पगार, आणि थेट मुख्य कार्यालयात.

"मुख्य कार्यालय कुठे आहे?" तोफेनं विचारलं.

बाबांनी सांगितलं. दूरच्या शहरात.

सही झाली नाही तर दूरचं शहर, आणि सही झाली तरी दूरचं शहर! मोठ्या माणसांच्या जगात बक्षीस आणि शिक्षा एकाच गाडीनं जातात, हे शाळेत कुणी शिकवत नाही. आई आनंदानं कपाटं मोजू लागली. मध्येच थांबून तिनं लेकीकडे बघितलं आणि म्हणाली, "नवी शाळा चांगली आहे म्हणतात गं." तोफ चपला घालून बाहेर पडली. आधी समोर गेली, मग खाली गेली, खूप वेळानं परत आली, आणि हॉलच्या मधोमध उभी राहिली.

"आई, बाबा, बसा. मी एक ठरवलंय."

दोघं बसले. तिच्या या आवाजाला आता घरात सगळेच बसत असत.

"बढती घ्या. तुमचा हक्क आहे तो. दादाला घेऊन जा, त्याला कुठेही झोप लागते. मी येणार नाही. मी समोर काकूंकडे मुदतठेव म्हणून राहणार आहे, मुदत शाळा संपेपर्यंत. काकू तयार आहेत, आणि विश्वस्त म्हणून बेलीफकाकांनी होकार दिलाय. दर सुट्टीला व्याज तुमच्या घरी पोचतं होईल, आणि ते रोज रात्री फोनवर इतकं बोलेल की तुम्हीच फोन ठेवाल. आणि बाबा, ही ठेव मुदतीआधी मोडायची नाही. मोडली तर नुकसान ठेवीदाराचंच होतं, हे तुम्ही लोकांना रोज सांगता."